परत विचारणारा मॅचर

वराळ्याच्या समीक्षाला कुणीही विचारलं, "बरंय ना?" की ती म्हणायची, "बरंय." किराणावाला विचारायचा, शेजारीण गच्चीवरून विचारायची, माहेरच्या भाजे गावाहून आईचा फोन यायचा त्यातही तेच. बरंय. विचारणारा खुश, सांगणारी मोकळी. लोकांचं बरं असतं, उत्तर मिळालं की त्यांचं काम झालं. ते किती वेळानं आलं, हे बघत बसायला कुणाला सवड आहे? ज्याला त्याला आपापली दुकानं उघडायची असतात.

"सून काय काम करते?" असं कुणी तिच्या सासूला, धोंडाबाईंना विचारलं तर त्या सांगायच्या, "कंप्युटरवर चुका काढती. दुसऱ्यांच्या." त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पण सांगत होत्या ते खरं होतं.

चुका काढायची सवय समीक्षाला भाज्यापासूनची. मळवली स्टेशनावरून लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची आई शनिवार-रविवारी कणसं विकायची. पोतं उघडलं की समीक्षानं प्रत्येक कणसाची साल जरा बाजूला सारून दाण्यात नख रुतवायचं. दूध आलं तर भाजायच्या ढिगात, नाही आलं तर उकडायच्या ढिगात. गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही, पण भाजलेलं कणीस कधी चिवट निघालं नाही. पुढे तळेगावला डिप्लोमा झाला, लोणावळ्यात एका लहानशा कंपनीत नोकरी लागली, आणि तिथंही काम निघालं ते नख रुतवायचंच.

कंपनी बंगल्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करायची. लोणावळ्यातले बंगले, पवनेकाठचे तंबू, सगळं त्यात. त्यात कुणी एवढासा बदल केला तरी आधी शेकडो टेस्ट चालवायच्या. सगळ्या हिरव्या झाल्या तर पुढं जायचं, एखादी लाल झाली तर थांबायचं. प्रत्येक टेस्टच्या शेवटी एक प्रश्न असतो, आणि तो विचारून हो की नाही ते सांगणाऱ्या तुकड्याला मॅचर म्हणतात. साधे मॅचर तयार कोडच्या लायब्ररीत आयते मिळतात. हे दोन आकडे सारखे आहेत का, यादीत हे नाव आहे का, एवढंच त्यांना जमतं. एका शनिवारी एक बंगला एकाच कुटुंबाच्या नावावर आहे ना, हे त्या बिचाऱ्यांना काय कळणार? म्हणून तसले घरगुती मॅचर समीक्षानं स्वतः लिहिले होते.

आता पाळण्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

धोंडाबाईंच्या भावकीत एकच सागवानी पाळणा होता. ज्या घरी मूल जन्मेल तिथं तो बारशाला जायचा, आणि पुढचं मूल होईपर्यंत त्याच घरी राहायचा. मूल जन्मायच्या आधी मात्र तो कुणाच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. हा नेम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण कधी मोडलाही नव्हता. समीक्षाला सातवा महिना सरत आला तेव्हा पाळणा तिकोणा पेठेत, चुलत दिराकडे होता. तिकडून तांदळाची पोती घेऊन टेम्पो वराळ्याला येणार होता. दिरानं फोन करून विचारलं, पाळणाही टाकू का गाडीत? धोंडाबाई म्हणाल्या, "टाक की. तेवढीच खेप वाचंल." एरवी चार गोष्टी पाळणारी बाई, पण त्या दिवशी डोक्यात भाड्याचा टेम्पो होता.

आठव्या महिन्यात, श्रावणात, पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती. दवाखान्यातून समीक्षा घरी आली ती रिकाम्या हातानं, आणि पाळणा वरच्या खोलीत तिच्या टेबलाशेजारी उभा होता. सार्थकनं, तिच्या नवऱ्यानं, त्याच्यावर चादर टाकली. रिकामा पाळणा हलू नये म्हणून धोंडाबाईंनी साखळ्या सुतळीनं बांधल्या. त्यानंतर कुणी त्याला हात लावला नाही, आणि खेप वाचवण्याचं तर कुणी तोंडातून ब्र काढला नाही.

समीक्षा रडली नाही. आधी सगळ्यांना वाटलं, धीराची आहे. मग वाटलं, हिचं काहीतरी बिघडलंय. तिला स्वतःला काहीच वाटत नव्हतं. भूक लागायची नाही, पण वाढलं की ती जेवायची. झोप यायची नाही, पण दिवा घालवला की पडून राहायची. अंगावर पातळ चिखल वाळावा तसं सगळं वाळून बसलं होतं. सुट्टी शिल्लक असूनही तिनं घरूनच काम सुरू केलं. खुर्ची ओढली की कोपर पाळण्याच्या चादरीला लागायचं. तेही तिनं चालवून घेतलं.

दिवाळी झाली. खाचरांतला भात कापून झाला, झोडणी सुरू झाली. तेव्हा तिच्या वरिष्ठानं, धम्मदीपनं एक काम दिलं. तो लोणावळ्याचाच, बोलायला मऊ. म्हणाला, "समीक्षा, टेस्ट फार वेळ खातायत. पोरं चहाला जातात, जेवून येतात, तरी चालूच. आपल्या मॅचरपैकी कोण वेळ खातंय, मोजून देशील? घाई नाही."

"देते सर," ती म्हणाली.

तिला ते काम मानवलं. वेळ मोजायला काही वाटावं लागत नाही. तिनं प्रत्येक मॅचरच्या आधी आणि नंतर घड्याळ लावलं. एकदा मोजून भागत नाही. पहिल्या फेरीत मशीन गार असतं, तो आकडा टाकून द्यायचा, मग पुन्हा पुन्हा चालवायचं. सगळ्यांची सरासरी घेऊन गप्प बसायचं नाही, कारण सरासरीत एखादा लुच्चा बेमालूम लपतो. समीक्षा सकाळी मोजणी लावून द्यायची आणि खिडकीतून समोरच्या नव्या इमारतीचं प्लास्टर बघत बसायची.

त्याच आठवड्यात तिकोणा पेठेतून फोन आला. चुलत जाऊ राजेश्वरीला मुलगी झाली होती. रविवारी बारसं होतं.

धोंडाबाई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा वर येत नसत. दारात उभं राहून म्हणाल्या, "राजीला पोरगी झाली. रविवारी टेम्पो येईल. पाळना द्यायचा ना?"

समीक्षाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. ती काही बोलली नाही. धोंडाबाई थोडा वेळ थांबल्या आणि खाली गेल्या.

दुपारी ताटं वाढताना त्यांनी परत विचारलं. "मग काय म्हनती? पाळना देऊ ना?" समीक्षानं भाकरीचा तुकडा मोडला. सार्थक ताटात बघत राहिला.

संध्याकाळी ती तुळशीपाशी दिवा लावत होती तेव्हा परत. "तिकडं निरोप द्यायचा हाय. देऊ ना गं?"

"द्या की," समीक्षा म्हणाली.

"झालं तर मग," सार्थक ओट्यावरून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. कुणालाच त्या चादरीकडे बघवत नव्हतं, त्यात त्याचा काय दोष?

शुक्रवारी मोजणीचा निकाल हातात आला. बाकी सगळे मॅचर शहाणे होते, पापणी लवायच्या आत काम उरकत होते. एकच होता, ज्याचा नेम नव्हता. एकदा झटक्यात उत्तर देई, आणि एकदा कितीतरी सेकंद घेई. बंगला एकाच कुटुंबाच्या नावावर आहे ना, हे बघणारा तोच. तिचाच.

तिनं तो उघडून वाचला आणि तिला आठवलं. आषाढात लोणावळ्यात नेट सारखं जायचं. उगीच टेस्ट लाल व्हायच्या. पाय सुजले होते, पाठ धरली होती, दर वेळी उठून कारण शोधायचा कंटाळा आला होता. तेव्हा तिनं मॅचरला एक सवय लावून दिली. 'नाही' असं उत्तर आलं तर जरा थांब, परत विचार. तरी 'नाही'च आलं तर परत थांब, परत विचार. 'हो' आलं की हिरवं कर आणि आधीच्या सगळ्या 'नाही' विसरून जा.

आता तिनं त्या विसरलेल्या 'नाही' उघड्या केल्या. त्यातल्या सगळ्या नेटच्या नव्हत्या. काही शनिवारी बंगला खरंच थोडा वेळ दोन कुटुंबांच्या नावावर दिसत होता, आणि मग कुठंतरी सारवासारव होऊन एक नाव पुसलं जात होतं. मॅचर त्या सारवासारवीची वाट बघत बसायचा. जितका उशीर जास्त, तितक्या आतल्या 'नाही' जास्त. टेस्ट मात्र आषाढापासून हिरव्यागार होत्या.

तिनं धम्मदीपला फोन लावला. "सर, सापडला. माझाच आहे. 'नाही' ऐकलं की परत परत विचारतो."

"काढून टाकलं तर वेळ वाचेल?"

"वाचेल. पण बऱ्याच टेस्ट लाल होतील."

धम्मदीप म्हणाला, "आधीपासून लालच होत्या म्हण की. होऊ देत. एकदाच विचारू दे."

तिनं परत विचारायच्या ओळी पुसल्या आणि टेस्ट चालवल्या. पडद्यावर लाल ओळी उतरत गेल्या. आपली चूक म्हणून लाज वाटायला हवी होती, सापडली म्हणून बरं वाटायला हवं होतं. तिला दोन्ही वाटलं नाही. ती फक्त बघत बसली. खुर्ची मागे घेताना कोपर चादरीला लागलं, आणि या खेपेला तिनं ते काढून घेतलं नाही. लाकूड हाताला गार लागलं. तुळशीपाशी आपण काय म्हणालो, ते तिला आठवलं. द्या की. त्याच्या आधी दोनदा आपण काय म्हणालो होतो, हेही तिला पहिल्यांदाच कळलं.

ती शनिवारी बोलली नाही. तोंड उघडायची, आणि आत शब्द नसायचाच.

रविवारी सकाळी टेम्पो आला. चालवणारा हनुमंत भावकीतलाच. त्यानं आणि सार्थकनं पाळणा चादरीसकट खाली आणला. जिन्याच्या वळणावर कठडा घासला, भिंतीचा रंग निघाला. बारशाला जायला निघालेल्या धोंडाबाई हिरव्या काठाचं लुगडं नेसून अंगणात उभ्या होत्या. पाळणा टेम्पोत चढला. हनुमंतनं फळी लावली.

समीक्षा दारात आली.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ना, वर येऊन. तेव्हा माझं 'नाही' होतं."

सार्थक म्हणाला, "अगं, तूच म्हणालीस ना द्या म्हणून?"

"ते नंतर म्हणाले. आधी नाही होतं. जेवतानाही नाहीच होतं." तिचा आवाज चढला नाही, पडला नाही. भाजी संपली हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

हनुमंत गाडीच्या दारापाशी घुटमळला. धोंडाबाई सुनेकडे बघत राहिल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, काढला.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "म्हनून तर परत इचारलं."

सार्थक आईकडे वळला.

"मलाच तो घरात बघवंना," धोंडाबाई म्हणाल्या. "मीच म्हनलं होतं, टाक गाडीत. खेप वाचंल. मूल यायच्या आदी म्या पाळना आनला घरात. रोज सकाळी उठलं की पयलं त्येच येतं डोक्यात. वाटलं, तो गेला तर जरा..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही.

आपल्याला सासूचा राग यायला हवा, असं समीक्षाला वाटलं. तिनं वाट पाहिली. राग आला नाही. आलं ते वेगळंच काहीतरी. कणसात नख रुतावं तसं दुखलं. पण दुखलं. श्रावणापासून तिला पहिल्यांदाच कुठंतरी दुखत होतं.

"हनुमंता," धोंडाबाई म्हणाल्या, "उतरव बाबा तो."

"काकी, बारसं हाय तितं. लोकं बसलीत."

"साडीची झोळी बांधा म्हनावं. आमच्या टायमाला कितीक पोरं झोळीतच वाढली. मी सांगते राजीला. उतरव."

पाळणा परत खाली आला. वर न्यायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं, म्हणून तो ओट्यावरच ठेवला. टेम्पो रिकामा गेला. धोंडाबाई नवं लुगडं तसंच नेसून पायरीवर बसल्या आणि बऱ्याच वेळानं समीक्षाही त्यांच्याजवळ, जरा अंतर ठेवून बसली. चादर एका बाजूनं सरकली होती, सुतळी दिसत होती.

"मग कदी द्यायचा?" धोंडाबाईंनी विचारलं.

रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर घरघरत गेला, त्याची धूळ खाली बसली.

"माहीत नाही," ती म्हणाली.

धोंडाबाईंनी मान हलवली. त्यांनी परत विचारलं नाही.