उजवा हात वर जाईपर्यंत

बोटीवरून उतरताना माझी बॅग दुसऱ्या कोणी उचलायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मरीन इंजिनियर म्हणून मी पंचवीस वर्षं काढली, हातापायाला लहानमोठं लागलं असेल, पण मधेच घरी जावं लागलं नव्हतं. त्या दिवशी इंजिन रूमची शिडी उतरत असताना बोट कलली, पाय सटकला आणि अंगाचा सगळा भार कठडा धरलेल्या उजव्या हातावर आला. हात सुटला नाही म्हणून वाचलो. खांद्यात मात्र जाड कापड टरकावं तसं काहीतरी झालं. दोन दिवस गोळ्या घेऊन काम रेटलं. तिसऱ्या दिवशी बॉयलर सूटच्या बाहीत हात घालता येईना. बोट सिंगापूरलाच लागणार होती आणि माझं घरही इथलंच, पासिर रिसचं. कंपनीनं मला उतरवून घेतलं.

डॉक्टरांनी स्कॅन पाहून सांगितलं, की स्नायूला हाडाशी जोडणारा एक पट्टा अर्धवट फाटलाय आणि खांदा आखडत चाललाय. ऑपरेशनची घाई नको, आधी फिजिओथेरपी करू.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"सहा महिने धरून चला."

मी मनात तीन धरले.

फिजिओथेरपिस्ट पस्तिशीची मलाय बाई होती. आवाज मऊ, बोलणं मोजकं. तिनं मला आरशासमोर उभं केलं आणि हात बाजूनं वर न्यायला सांगितलं. हात खांद्याच्या रेषेपर्यंतही पोचला नाही. तिनं शाळेतल्या कोनमापकासारखं एक प्लास्टिकचं साधन खांद्याला लावलं आणि कागदावर सत्तर लिहिलं.

"पूर्ण म्हणजे किती?"

"एकशे ऐंशीच्या आसपास. पण तुम्ही आकड्याच्या मागे लागू नका."

ज्याचं आयुष्य तापमान आणि दाबाचे आकडे लिहिण्यात गेलं, त्याला ती हे सांगत होती. घरी पोचेपर्यंत मी हिशेब केला होता: आठवड्याला दहा अंश वाढले, तर अकरा आठवडे.

व्यायाम अगदीच साधे होते. डावा हात टेबलावर टेकून ओणवं व्हायचं, उजवा हात सैल सोडायचा आणि हळूहळू गोल फिरवायचा. भिंतीला बोटं लावून एकेक पाऊल टाकल्यासारखी वर चढवायची. गुडघ्याएवढ्या मुलालाही जमेल असं काम, आणि त्यानं माझ्या कपाळावर घाम यायचा. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. उरलेल्या दिवसाचं काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं.

माझी बायको अकाउंटंट आहे, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करते. माझ्या गैरहजेरीत तिनं घराची एक घडी बसवली होती आणि त्या घडीत मी कुठंच नव्हतो. मी स्वयंपाकघरातले डबे नव्यानं लावले. ते तिनं संध्याकाळी न बोलता परत पहिल्या जागी ठेवले. डाव्या हातानं नळ दुरुस्त करायला गेलो आणि नळ जास्तच गळायला लागला. तिची मीटिंग चालू असताना मी हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये फिरत असायचो. एकदा तिनं लॅपटॉपवरचा आवाज बंद करून माझ्याकडे पाहिलं.

"तू जरा खाली जाऊन येतोस का? तू असा मागून जातोस ना, तर सगळ्यांना दिसतोस."

मी खाली गेलो, तिथून एमआरटी मेट्रोनं थेट हार्बरफ्रंटला, कंपनीच्या ऑफिसात. तिथले लोक आदरानं बोलले, कॉफी दिली. "फिट सर्टिफिकेट आलं की पुढची बोट तुमचीच, सर." हेच ऐकायला मी तीन आठवड्यांत चार वेळा गेलो. चौथ्या वेळी कॉफी आली नाही.

मग मी व्यायाम वाढवले. तीनऐवजी सहा वेळा. खांदा ठणकायचा, पण आकडा सरकत होता. दोन महिन्यांनी एकशे वीस झाले. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "छान चाललंय. आता काही दिवस आहे तेवढंच करा." मला ते 'काही दिवस' सहन झाले नाहीत.

आमच्या ब्लॉकखाली व्यायामाचे लोखंडी बार आहेत. सकाळी तिथं सत्तरीचे चिनी आजोबा लटकलेले असतात, निवांत, कपडे वाळत घातल्यासारखे. एका सकाळी ते गेल्यावर मी डाव्या हातानं उजवा हात उचलून बारवर ठेवला, बोटं आवळली आणि पाय सोडले. दोन सेकंद लटकलो असेन. डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसलो तर उठवेना. घरी येऊन बर्फ लावला आणि कोणाला काही बोललो नाही.

पुढच्या वेळी लेक बरोबर आली. ती पंधरा वर्षांची, शाळेला सुट्टी होती. फिजिओथेरपिस्टनं साधन लावलं, पुन्हा लावलं. "पंच्याऐंशी. काय केलंत?"

"काहीच नाही. झोपेत अंगाखाली आला असेल."

कोपऱ्यात फोन बघत बसलेली लेक मान वर न करता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा हँग ऑन द बार. किचन विंडोमधून दिसतं, लाह."

माझे कान तापले. मला वाटलं, आता ही बाई सुनावेल. ती स्टुलावर बसली आणि तिनं कागद बाजूला ठेवला.

"तुम्ही खोटं सांगितलंत, तर मी चुकीचे व्यायाम देईन," ती म्हणाली. "मग माझ्या हातून तुम्हाला इजा होईल. मला ते नको आहे."

पुढचे तीन आठवडे फक्त हात लोंबता ठेवायचा, बाकी सगळं बंद. परत येताना बसमध्ये मी लेकीला विचारलं, "आईला सांगितलंस?"

"डे वन," ती म्हणाली. मग मराठीत, शब्द शोधत, "आई बोलली, बाबाला काय नको बोलू."

त्या संध्याकाळी मी बायकोसमोर बसलो. ती भाजी निवडत होती. "माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

तिनं मान खालीच ठेवली. "काय बोलणार? तुझा खांदा बरा व्हावा असं वाटतं मला. बरा झालास की तू जाणार. तू जावंस असं नाही वाटत. हे दोन्ही एका वेळी कसं सांगू तुला?"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, तिनं हे कधी म्हटलं नव्हतं. मी तिच्या समोरची अर्धी जुडी ओढून घेतली आणि डाव्या हातानं पानं खुडत बसलो.

आठव्या महिन्यात हात एकशे पंचावन्नपर्यंत गेला आणि मी कंपनीच्या मेडिकल तपासणीला गेलो. डॉक्टरांनी हात वर, मागे, बाजूला करून घेतले. सगळं जमलं. मग त्यांनी सहज विचारलं, "हात डोक्याच्या वर नेऊन वजन धरताना दुखतं?"

'नाही' हा शब्द तयार होता. मी म्हणालो, "दुखतं. हात थरथरतो."

त्यांनी बोटीसाठी तात्पुरतं अनफिट लिहिलं आणि सहा महिन्यांनी यायला सांगितलं. कंपनीनं तोवर ऑफिसात जागा दिली: बंदरात आलेल्या बोटींच्या दुरुस्तीचं काम बघायचं. ते सहा महिने संपून गेले. मी परत मेडिकलला गेलो नाही. जाणारच नाही असंही कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ती विचारत नाही.

ऑफिसच्या खुर्चीत मला अजून बसवत नाही. तासाभरात उठून तीन वेळा पाणी पिऊन येतो.

ऑफिसला लागल्यावर झालेली फिजिओथेरपिस्टकडची शेवटची भेट मात्र लक्षात आहे. मोजायचं साधन तिनं काढलंच नाही. हात वर करायला लावला, बघितलं आणि म्हणाली, "आता यायची गरज नाही."

"आणि पुढं काय करू?"

"काहीही. हात वापरा."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो. बाहेर पडलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बसस्टॉपवर दोन बस सोडल्या, कुठं जावं ते ठरेना म्हणून. तिसरी पासिर रिसची होती, तिच्यात चढलो.