परत न आलेलं पत्र

सविता,

ओळखीच्या माणसांवर लिहायला घेतलंय आणि पहिली तू आहेस. आवडलं नाही तर येऊन भांड. त्या निमित्तानं निदान येशील तरी. फोन तू उचलत नाहीस, आणि मेल पाठवायची तुला-मला दोघींनाही आता हिंमत नाही.

ज्यांना तू माहीत नाहीस त्यांच्यासाठी सांगते. इंदुरीच्या नथूआबांची तू थोरली. भातशेतीचं घर. तळेगावला बी.एस्सी. केलंस, लग्न केलंस, ते टिकलं नाही, ते सोडून लोणावळ्यात एका हॉटेलात कॉम्प्युटर सांभाळायला लागलीस. मी निवृत्त झाल्यावर चिक्कीच्या दुकानावरच्या खोलीत वधूवर केंद्र काढलं आणि तुला तिथून उचललं. मुलींचे फोटो नि जन्मवेळा परक्या कंपनीकडे ठेवायच्या नाहीत, हा माझा हट्ट.

"मग मेलचं मशीन आपलंच ठेवू," तू म्हणालीस. "पण मावशी, घरचं दार म्हणलं की राखण आली."

राखण तू केलीस. स्पॅम गाळायला चाळण लावलीस, आणि सकाळच्या चहाबरोबर चाळणीत अडकलेलं वाचून दाखवायचीस.

"परदेशातली एक राजकन्या तुमाला इस्टेट देतीय. घेऊ का?"

"तिला म्हणावं आधी पत्रिका पाठव."

तुळशीची लग्नं लागली, स्थळांची ये-जा सुरू झाली, आणि आपण कधीही न पाठवलेली पत्रं आपल्याकडे परत यायला लागली.

मला कळेना. तू समजावलंस. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही घालू शकतं. पत्ता सापडला नाही की पोस्टमन त्या नावाच्या दारात ते परत आणून टाकतो. मेलचंही तसंच. कोणीतरी आपल्या केंद्राचं नाव घालून पत्रं सोडत होतं, आणि बंद पडलेल्या पत्त्यांवरची आपल्याकडे परतत होती. औषधांच्या जाहिराती असत्या तर मी हसले असते. पण आत लिहिलेलं असे, 'आपण पाहिलेल्या मुलीविषयी केंद्राला नव्याने समजलेली माहिती'. पुढे जी घाण असे ती मी इथे लिहिणार नाही. मुलीचं नाव खरं, जन्मवेळ खरी, आणि शेवटी सभ्यपणे 'पत्रिका जुळत नाही, क्षमस्व'.

आपल्या मशीनवरून यातलं एकही गेलेलं नव्हतं, हे तू तपासलंस. आपल्या नावाची पत्रं कुठल्या मशीनवरून निघतात हे तू जाहीर नोंदवलंस, तेव्हा मोठ्या कंपन्या खोट्यांना दारातच अडवायला लागल्या. पण आपल्या लोकांचे मेलचे पत्ते शाळांचे, छोट्या कारखान्यांचे. तिथे तपासतंय कोण? पोलिसांत अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली, बाकी काही नाही.

"टाकून दे ती परत आलेली," मी म्हणाले. "डोक्याला ताप."

तू मान वर न करता म्हणालीस, "टाकते की. पण हे परत आलंय म्हणून आपल्याला कळतंय. जे पोचलं, ते कुटं परत येतंय?"

खालून गूळ उकळल्याचा वास येत होता. तो मला अजून सहन होत नाही.

तू एकही टाकलं नाहीस. वेगळ्या कप्प्यात घालून प्रत्येक वाचलंस, कारण त्यातून पुढचा वार कोणावर आहे ते कळत होतं. त्या घरी तू स्वतः फोन करायचीस. काही घरं आभार मानायची. काही म्हणायची, "आग असल्याशिवाय धूर कसा?" फोन ठेवलास की तू शिवी हासडायचीस. मी ऐकलंच नाही असं दाखवायची.

मग उलटं सुरू झालं. स्थळांच्या नावानं आपल्यालाच खोटे नकार यायला लागले. तेच वाक्य, पत्रिका जुळत नाही. ते खरं धरून दोन घरांना मी नकार कळवूनही टाकला होता. तेव्हा तू चाळणीत नियम घातलास: परत आलेली पत्रं सोडून, हे वाक्य असलेली मेल आली की फेकायची. ठेवायचीसुद्धा नाही. ठेवलं की कोणीतरी वाचतं, आणि मुलींबद्दलचं असलं काही मशीनवर राहू नये. मला पटलं. सगळ्यांना कळवलं, नकार असेल तर फोनवर सांगा.

आता बघ. आपल्यात नकार फोनवर कोण देतं? कोणाचा रंग आवडलेला नसतो, कोणाची जमीन कमी असते, पण लिहिताना सगळे तेच एक वाक्य लिहितात. खोटं लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं. आपल्या दोघींना सुचलं नाही.

तुझ्यासाठी बाजीरावांचं स्थळ मीच आणलं. वलवणचे, शाळेत गणित शिकवतात, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तुझी माहिती मी मेलनं पाठवली नाही, त्यांच्या हातात दिली. माझ्या घरी भेटलात. त्यांनी विचारलं, "दिवसभर काय करता?" तू म्हणालीस, "दुसऱ्यांची खोटी पत्रं वाचते." ते मोकळेपणी हसले, आणि तू पदर सारखा केलास. तुला तसं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चार दिवसांत कळवतो म्हणाले.

कळवलं नाही. नथूआबांनी मात्र इंदुरीहून नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी पाठवली, वलवणला द्यायला. म्हणजे तू घरी सांगून मोकळी झाली होतीस.

एका दुपारी फेकलेल्या मेलांची यादी बघताना तुझा हात थांबला. मी चष्मा लावून वाकले. बाजीरावांचं नाव होतं.

"उघड."

"काय उघडू? फेकलं ते फेकलं. मीच तसं केलंय. नाव आन् तारीख तेवढी उरती."

"त्यांचंच कशावरून?"

"नाव कुनीबी घालतंय, मावशी."

"मग लाव त्यांना फोन."

"मी? मुलीकडनं?" तू माझ्याकडे वळून बघितलंस. "मध्यस्थ तुमी हाय. तुमी जायचं. तांदूळ द्यायचा आन् तोंडाकडं बघून विचारायचं, लिहिलं का न्हाई लिहिलं."

"शनिवारी जाते," मी म्हणाले.

शुक्रवारी मी जिना चढून आले तर तू परत आलेल्या पत्रांच्या कप्प्यासमोर बसलेली. चहा तसाच, वर साय आलेली.

"काय झालं?"

"एक आलंय. वलवणच्या सरांच्या जुन्या शाळेच्या पत्त्यावर गेलेलं. तो पत्ता बंद हाय, म्हणून परत आलं."

"कोणाबद्दल?"

"माझ्याबद्दल. केंद्राच्या नावानं. खाली तुमचं नाव."

मी वाचायला पुढे झाले, तू मशीनचा पडदा बंद केलास.

"खोटंच असणार," मी म्हणाले.

"निम्मं खरं हाय. ते निम्मं कुनाला ठाऊक, त्येच कळंना." मग अगदी सावकाश म्हणालीस, "जुन्या पत्त्यावरचं परत आलं, मावशी. नव्या पत्त्यावरचं काय परत आलं न्हाई."

मी म्हणाले, उद्या जाऊन सगळं सांगते, माझं नाव घातलंय तर मीच निस्तरते. तू पर्स उचललीस. जिन्यावरून म्हणालीस, "जाऊ नका. तुमाला माझी आन हाय." सोमवारी तू आली नाहीस. त्यानंतरही नाही. नथूआबा फोनवर एवढंच म्हणाले, "तिला बरं न्हाई, बाई."

मुलीकडच्यांनी नको म्हटलं की मध्यस्थाला पाऊल उचलता येत नाही. ही रीत मी आयुष्यभर इतरांना शिकवली. बाजीराव मला बाजारात दिसतात. लांबून नमस्कार करतात, थांबत नाहीत. तो नमस्कार नकार दिलेल्या माणसाचा आहे, की नकार मिळालेल्याचा, हे मला ओळखता येत नाही. इतकी स्थळं जुळवली मी, आणि हे ओळखता येत नाही.

तुझा नियम मी काढून टाकलाय. परत येणारी पत्रं अजून येतात. हल्ली त्यांच्याखाली तुझं नाव असतं. तुला फोन करून सांगणार होते.

तांदळाची पिशवी माझ्या स्वयंपाकघरात आहे. सोंडे झालेत, कापडावरून चालताना दिसतात. माझ्याकडे देताना गाठ तू मारलेली, मी सोडलेली नाही. वलवण इथून रिक्षानं कितीसं लांब आहे?