लढाईची पाच चित्रं

पाच चित्रांचा तो तपास मी आजवर विसरलेलो नाही. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी दुबईत रास अल खोरच्या एका गोदामात सिक्युरिटी ऑफिसर होतो, राहायला शारजात, रोल्लाला. मंदीचा तडाखा बसला ते वर्ष. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी कुटुंबं चंबूगबाळं आवरून परतली होती.

एका शुक्रवारी सकाळी शेजारचा मराठी इंजिनिअर दारात उभा. "काका, घरात चोरी झालीय. मावशींवर कम्प्लेंट करतोय. तुम्ही फक्त एकदा बघून घ्या."

मावशी म्हणजे त्याच्याकडे राहणाऱ्या स्वयंपाकीणबाई, रत्नागिरीकडच्या. व्हिसा त्याच्याच नावावर. कम्प्लेंट गेली की आधी कोठडी, मग मायदेशी रवानगी. गेली होती ती जुनी जपानी चित्रं, लाकडी ठशांनी छापलेली. त्याच्या जपानी साहेबाने परतताना भेट दिलेली. हॉलमध्ये आठ होती, त्यातली पाच गायब.

खात्यातल्या सवयीने मी आधी मावशींची पेटी उघडायला लावली, सगळ्यांसमोर. दोन साड्या, मुलीचा फोटो, बाकी काही नाही. मग जबाब.

"चित्रं कुठे आहेत?"

"मी चोर नाही, साहेब. याउपर विचारू नका, मला शपथ आहे."

माझा पारा चढला. शपथेआड लपणारे मी ढिगाने पाहिले होते. पण तेवढ्यात नजर भिंतीवर गेली. उरलेल्या तिन्ही चित्रांत राजे होते, निवांत बसलेले.

"गेलेल्या चित्रांत काय होतं?"

"योद्धे. तलवारी उपसलेले," इंजिनिअर म्हणाला.

चोर असा निवडून नेत नाही. तो सगळंच उचलतो. घरात लढाईचं चित्र लावू नये, कटकटी मागे लागतात, असं माझी आईसुद्धा सांगायची. मी आवाज खाली आणला. "मावशी, शपथ कुणी घातली?" त्यांनी पदर तोंडाला लावला.

आतून इंजिनिअरची आई आली. "तिला सोडा, भाऊ. मीच काढली. बॅगेत लुगड्यात गुंडाळून ठेवलीत. कुणाची का असेनात, शूर माणसं आहेत, फेकवली नाहीत."

"आई, पण का?"

"दोन महिने टाय बांधून निघतोस आणि बागेत बसून डबा खातोस. भाजीला उतरते तेव्हा दिसतोस मला. नोकरी गेली हे तुझ्या तोंडून निघेना. म्हटलं, घरातल्या लढाया तरी उतरवू."

तो मटकन सोफ्यावर बसला आणि रडला. मावशींनी पाणी आणलं. आधी त्याला दिलं, मग मला.

"मावशी, तुरुंगात गेला असतात, तरी गप्प राहिला असतात?" मी विचारलं.

"आजी म्हणाल्या होत्या, पोराची लाज राख. आता त्यांनीच सांगितलं. खलास."

मी हात जोडून त्यांची माफी मागितली.

गप्प राहणारा काहीतरी लपवत असतो, असं आम्हाला खात्यात शिकवलं होतं. ते खोटं नाही. मावशी लपवतच होत्या, पण दुसऱ्याची लाज. नोकरीच्या तीस वर्षांत अशा किती गप्प माणसांच्या पेट्या मी चारचौघांत उघडल्या, कोण जाणे. त्यांतल्या एकाचीही माफी मी मागितलेली नाही.