दाजींचा कान

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, सगळी वस्ती कानसेन म्हणायची. जुने फ्रीझर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि मीटर न वापरणं ही त्यांची मिजास. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मशीन घुमतंय की नाही, ते कुणालाही कळतं. पण नळीतून गॅस फिरताना बारीक सूं सूं होतं, ते ऐकणारे दाजीच. ते ऐकू आलं नाही, तर कॉम्प्रेसर नुसता फिरतोय, गॅस ढकलत नाही, नवा बसवायचा. तीस वर्षांत हा निकाल चुकला नव्हता.

सुट्या भागांचं दुकान माझं. यंदा दाजी लागोपाठ कॉम्प्रेसर नेऊ लागले. काढलेले जुने माझ्याच दुकानामागे येऊन पडत. एकदा सहज एकाला करंट दिला आणि त्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला, तर हवेच्या जोराने अंगठाच उचलला गेला. म्हणजे ठणठणीत. दुसराही तसाच. सहाच्या सहा तसेच.

बहीण बरेच दिवस तक्रार करायची, "चार हाका मारल्याशिवाय ओ देत नाहीत." आम्ही हसायचो. लग्नाला तीस वर्षं झालेला कुठला नवरा पहिल्या हाकेला ओ देतो? आता हसू येईना. पण सांगायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हा माणूस कानावर जगत होता. शिवाय मी मुळात भित्रा. गप्प बसलो.

सातवा फ्रीझर एका निवृत्त शिक्षिकेचा. आत बर्फाचे जाड थर, मटार मात्र मऊ. कॉम्प्रेसर जड असतो म्हणून उचलायला मी बरोबर गेलो होतो. दाजींनी ऐकलं आणि मान हलवली. "घुमतंय, पण गॅस ढकलत नाही."

"मी ऐकू का?" बाईंनी विचारलं. मागच्या बाकावरची कुजबुज पकडण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी दाजींसारखीच मूठ कानामागे धरली. "येतोय की आवाज. किटलीत पाणी तापायला लागलं की होतो तसा. सूं सूं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. बाईंचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी मोठ्याने म्हणालो, "दाजी, आवाज येतोय म्हणतात."

त्यांनी दुसरा कान लावून पाहिला. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "तू ऐक. खोटं बोलू नकोस."

"येतोय," मी म्हणालो.

दाजी फरशीवरच बसले. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याची लाजही वाटली. मग त्यांनी बाईंकडून एक कागद मागून घेतला, फ्रीझरच्या दारात धरून दार लावलं आणि ओढला. खालच्या कोपऱ्यात तो अलगद सुटून आला. दाराचं रबर कडक झालं होतं; फटीतून बाहेरची दमट हवा आत जायची आणि तिचाच बर्फ साचायचा. डोळ्यांनी पाच मिनिटांत सापडण्यासारखा बिघाड. आम्ही बर्फ वितळवला, नवं रबर आणून बसवलं. नवा कॉम्प्रेसर आणला तसा परत गाडीत ठेवला.

गाडीशी दाजींनी विचारलं, "आधीचे सहा?"

"सगळे चांगले होते."

"तुला कधी कळलं?"

"दोन महिने झाले."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "सहाही घरी जायचं," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

पहिल्या घरी एका बाईंनी दार उघडलं. दाजींनी पाल्हाळ लावला नाही. "तुमच्या फ्रीझरचं जुनं मशीन चांगलं होतं. मला ऐकू येत नाही, म्हणून मी ते काढलं."

बाई काहीतरी म्हणाल्या. दाजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"विचारतायत, ऐकू येत नाही हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी आवाज चढवून सांगितलं.

"भ्यालो," दाजी म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या घराचं दार उघडलं.