सेलूच्या रानातली कमान

जमिनीचा मोह सुटल्याशिवाय माणसाला आकाश लाभत नाही, असं मी तरुणपणी मनापासून मानत असे. आकाश लाभलं की खालची जमीन आपली वाट पाहत मोकळी पडून राहते, अशीही माझी समजूत होती. ती समजूत सेलूला मोडली.

पन्नासच्या दशकात मी नागपुरात विमान चालवायला शिकत होतो. दोन माणसांचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं विमान. उडणं जमत होतं. उतरताना माझं आणि जमिनीचं एकमत होत नसे. शिकवणारे साहेब जुने फौजी. आणखी एकदा आपटलं तर शिकणं बंद, असं त्यांनी बजावलं होतं. नेमके तेव्हाच सेलूचे माझे मामा त्यांना भेटले. मामा कापसाचे व्यापारी आणि गावातल्या प्रत्येक स्वागत समितीचे अध्यक्ष. भाच्याचं विमान गावात उतरलंच पाहिजे, म्हणाले. परीक्षा कुठंतरी घ्यायचीच होती. साहेब हो म्हणाले.

साहेब आदल्या दिवशी जीपने गेले, गावाबाहेरचं सपाट पडीक रान निवडलं आणि उतरायची पट्टी दिसावी म्हणून चुन्याच्या दोन लांब रेघा मारून घेतल्या. सकाळी मामांनी त्यांना घरी पोहे खायला नेलं. तेवढ्यात समितीने कमान उभारली. केळीचे खांब, आंब्याची पानं, वर ‘सुस्वागतम्’. मंत्री आले तेव्हा त्यांची मोटार कमानीखालून आली होती, आणि विमान तर त्याहून मोठा पाहुणा. म्हणून कमान दोन बैलबंड्या जातील एवढी रुंद केली होती, दोन रेघांच्या बरोबर मधोमध. रेघा त्यासाठीच असणार.

हे मला वरून दिसलं. विमानात वायरलेस नव्हता. मी खाली आलो, बाहेर वाकलो आणि हात हलवून बाजूला व्हायला सांगितलं. अख्ख्या गावाने हात हलवले. दुसऱ्या फेरीला मी जोरात हलवला. तेही जोरात हलवू लागले आणि बँड सुरू झाला. गळ्यात हार घातलेले साहेब खुर्चीवरून उठून दोन्ही हातांनी कमान हटवायच्या खुणा करत होते; बँडमध्ये त्यांचं ओरडणं कुणाला ऐकू जात नव्हतं. लोक त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होते.

नागपूरला परतता आलं असतं. पण न उतरता परतणं म्हणजेही नापासच.

तिसऱ्या फेरीला मी कमानीच्या अलीकडच्या तुकड्यात उतरायचं ठरवलं. तुकडा आखूड होता. इंजिन मंद केलं, नाक वर उचललं, आणि जमीन आली असं मला वाटलं तेव्हा ती अजून पुरुषभर खाली होती. त्यानंतर माझ्या हातात विमान चालवायचा दांडा होता, पण त्याचा विमानाशी काही संबंध उरला नव्हता. आपटलो, उसळलो, पुन्हा आपटलो. डावं चाक मोडलं, पंख मातीत रुतला आणि आम्ही कमानीपासून हातभर अंतरावर तिरपे थांबलो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. विमान उतरताना कुणीच कधी पाहिलं नव्हतं. ते असंच उतरत असणार.

“कसा धाडकन उतरला, पाह्य!” मामा म्हणाले. “पण काऊन रे भाच्या, कमानीतून नाई आला? तुह्यासाठीच बांधली होती.”

“मामा, मी हात हालवून सांगत होतो, बाजूले व्हा म्हणून.”

“मंग आमी बी हालवूनच राह्यलो होतो ना! सबन गाव हालवत होतं.”

साहेबांनी विमानाभोवती एक फेरी मारली, वाकून चाक पाहिलं, गळ्यातला हार काढून पंख्याच्या पात्यावर अडकवला आणि मला विचारलं, “तुम्हारी गाड़ी कितने बजे है?”

मी गाडीने आलो नव्हतो, हे त्यांना ठाऊक होतं.

“आता कायची गाडी, साहेब?” मामा म्हणाले. “आधी भाषण हाय, मंग जेवण. जेवूनच जाजा!”

भाषणात मी तरुण पिढीला आकाशाचा रस्ता दाखवल्याचं सांगण्यात आलं. मी समोरच्या खुर्चीत बसून ते ऐकलं. संध्याकाळच्या पॅसेंजरने परतलो आणि पुन्हा कधी उडालो नाही.

दुसऱ्या दिवशी विमानाचे पंख सोडवले, ते बैलबंडीवर चढवलं आणि मामांच्या आग्रहावरून कमानीखालून स्टेशनकडे नेलं. बंडी आरामात गेली. शेजारून आणखी एक गेली असती.