क्विंटलमामांची खुर्ची

क्विंटलमामांना "काय मामा, कसं काय?" असं विचारलं, तर "बरं आहे" हे उत्तर कधीच मिळायचं नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात माणूस सलाईन लावून पडलेला असला, तरी भेटायला आलेल्याला "बरं हाय की" म्हणतो आणि वर घरच्यांना चहा टाकायला सांगतो. मामांचं तसं नव्हतं. विचारलं की ते जागच्या जागी थांबत, उजवा हात मागे नेऊन कंबर चाचपत, डोळे बारीक करत आणि मग सांगत, "आज पाऊण पोतं." कधी "अर्धं." एकदा थंडीत म्हणाले, "दोन हायेत, आन् ती बी ओल्या तुरीची." एवढं सांगितलं की त्यांचा विषय संपला. पुढे कण्हणं नाही, कुरकुर नाही.

कागदावर त्यांचं नाव नामदेव होतं, पण आमच्यातल्या कुणी त्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली केली. त्या काळी पोतं पुरतं क्विंटलचं भरायचं, आणि हे सांगताना मामांची छाती अजून पुढे यायची. "आताची पन्नास किलोची पोती म्हंजी उश्या," असं ते म्हणत. पण त्याच पोत्यांनी त्यांचे मणके झिजवले. एक ऑपरेशन झालं, फरक पडला नाही. कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी ती कळ आता जन्मभराची, असं डॉक्टरांनी सांगितलं. वीस मिनिटांच्या वर त्यांना एका जागी बसवत नसे.

हा माणूस आमचा शिक्षक कसा झाला, तेही सांगते. धाराशिवला एका संस्थेत आम्हा बारा जणांचं प्रशिक्षण चाललं होतं. संधिवात, मणका, मूत्रपिंड, कॅन्सर, असली लवकर न हटणारी किंवा कधीच न हटणारी दुखणी घेऊन जगणाऱ्यांशी कसं बोलायचं, त्यांना आधार कसा द्यायचा, याचं. आमच्या मॅडम एकदा दवाखान्यात गेल्या, तर तिथे रांगेत उभा असलेला एक म्हातारा त्यांच्याच हाताखाली शिकून गेलेल्या एका समुपदेशकाला झापत होता. "तुला शिकीवलं कुणी?" मॅडम मागून म्हणाल्या, "मी शिकवलं." मामांनी वळून त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मग तुमचं बी जरा कच्चंच हाय, बाई." पुढच्या गुरुवारपासून मॅडमनी त्यांना वर्गात बोलावलं. अशा बाईच्या हाताखाली मी शिकले, याचाही मला अभिमान आहे.

दर गुरुवारी मामा कळंबहून एसटीनं येत, जागा मिळाली तरी निम्मी वाट उभ्यानं. वर्गात शिरताना सगळ्यांना मिळून एक खणखणीत "जयभीम" घालत आणि समोरच्या लाकडी खुर्चीवर बसत. आम्ही एकेकानं त्यांच्यासमोर बसायचं आणि ते खरोखरचे पेशंट आहेत असं समजून बोलायचं. समजायचं कशाला, ते होतेच. पहिल्याच दिवशी माकणीच्या बालाजीनं मोठ्या हौशीनं दुखणं मोजायचा तक्ता त्यांच्यापुढे धरला. शून्यापासून दहापर्यंत आकडे आणि वर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत गोल चेहरे. मामांनी तो लांब धरून बघितला. "ही समदी टकली पोरं कुणाची रं?" वर्ग हसून हसून बेजार झाला. बालाजी बिचारा घाबरून म्हणाला, "मामा, काळजी करू नका, होईल सगळं बरं." मामांचं हसू गेलं. ते म्हणाले, "उतरीव. परत लाव."

हा त्यांचा नापासाचा शेरा. अर्थ त्यांनीच फोड करून सांगितला. हमालाच्या पाठीवर पोतं चढवायला दोघं लागतात. दोन टोकांना धरून ते त्याच्या वाकलेल्या पाठीवर ठेवायचं. नीट बसलं नाही, एका अंगाला गेलं, की हमाल ओरडतो, "उतरीव, परत लाव." मामा म्हणाले, "तुमी पोतं लावणारी माणसं. उचलणार मीच हाय. तुमी माझं पोतं घिऊन पळू नका, आन् हलकं हाय म्हणून तर अजाबात सांगू नका. पाठीवर नीट बसवा, बास." आणि नीट बसलं तर? तर हमाल काही बोलत नाही, चालायला लागतो. मामाही तसंच करत. एखाद्याचं बोलणं जमलं की शाबासकी नाही, काही नाही. खुर्चीवरून उठायचे आणि सरळ फाटकापलीकडच्या चहाच्या टपरीकडे निघायचे. मागून आम्ही टाळ्या पिटायचो.

एकदा वरून एक साहेब तपासणीला आले. चांगले होते, पण घाईत होते. खुर्चीवरच्या मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय बाबा, आता बरं आहे ना?" मामा अदबीनं उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, उतरवा. परत लावा." साहेब आधी इकडेतिकडे बघायला लागले, मग आपल्या हातातल्या फायलीकडे. मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी साहेबांना अर्थ सांगावा लागला. तेव्हा ते खाली बसले आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी मामांचं ऐकून घेतलं.

मी मात्र नापास होत होते. एकदा नाही, लागोपाठ सहा गुरुवार. त्याचं कारण मला माहीत होतं आणि ते मी कुणालाच सांगणार नव्हते. तेविसाव्या वर्षी मला संधिवात निघाला होता. सकाळी बोटं सुजून ताठ व्हायची, वेणी घालता यायची नाही, कणीक मळता यायची नाही. बेंबळीत आमच्या घरी ही गोष्ट मी, आई आणि सोलापूरचे डॉक्टर एवढ्यांतच होती. आईनं बजावलं होतं, "लग्न हुईस्तोवर ह्यातलं अक्षर बाहीर काढायचं न्हाय." प्रशिक्षणाच्या फॉर्मवर "दीर्घ आजार" असा रकाना होता, त्यापुढे मी "नाही" लिहिलं होतं. कळलं तर घरी पाठवतील, ही धास्ती होती. आई रोज माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल करून ठेवायची, म्हणजे चारचौघांत मला जोर लावावा लागू नये.

मामांसमोर बसले की मी भडाभडा बोलायची. शेक घ्या, आहार सांभाळा, झोप पुरेशी घ्या, मन खंबीर ठेवा. मामा ऐकून घेत. पाचव्या गुरुवारी म्हणाले, "पोरी, तू माझ्याशी बोलतच न्हायीस. दुसऱ्याच कुणाची तरी समजूत काढायलीस." मला इतका राग आला म्हणून सांगू! अंगठा उठवणारा माणूस मला शिकवणार, असंही मनात येऊन गेलं. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

सहाव्या गुरुवारी मामा वर्गाबाहेर पायऱ्यांपाशी उभे होते. हातात पाण्याची नवी, सीलबंद बाटली. "बेंबळीवाले, एवढं झाकण काढून दे." मी घेतली. पिळून बघितलं, ओढणीत धरून बघितलं. झाकण हलेना, डोळ्यांत मात्र पाणी आलं. मामांनी बाटली परत घेतली आणि स्वतःच उघडली. दणकट हात होते त्यांचे, हाताला काय झालं होतं?

"किती दिस झालं?" त्यांनी विचारलं.

"कशाला? बरं आहे की मामा मला."

"व्हय. समद्यांचंच बरं हाय," ते म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा नापास केलं. पण मॅडमना किंवा वर्गातल्या कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. आठवडाभर मी वाट बघितली, आता मॅडमचं बोलावणं येईल, मग येईल. आलं नाही.

पुढच्या गुरुवारी मीच त्यांना पायऱ्यांवर गाठलं. मी म्हणाले, "मामा, आज अर्धं पोतं आहे. सकाळी एक होतं." आयुष्यात पहिल्यांदा मी हे घराबाहेर बोलले. वाटलं, आता मामा हळहळतील, "एवढ्या लहान वयात!" म्हणतील, एखादा वैद्य सुचवतील. यातलं काही झालं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं टोचतंय?"

बोटं सांगायला मी हात पुढे केला आणि भलतंच सांगून बसले. दुखतं त्याचं एवढं नाही, मी म्हणाले, पण दुखत नाही असं दिवसभर दाखवायचं, त्यानं जीव जातो. मामा मान हलवत राहिले. "अंगात धग हाय तवर पोतं हलकं हुत न्हाय," ते म्हणाले, "पर टोचतंय कुठं ते कळलं, तर जरा सरकवून घेता येतं." मग आम्ही तिथेच बसलो. मधूनमधून ते पाय मोकळे करायला उठत आणि पुन्हा येऊन बसत. त्या दुपारी मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, तेव्हा सल्ला एकही दिला नाही. कुठं टोचतंय एवढंच विचारलं. मामा बरंच बोलले. मोंढ्यात त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता त्यांना बघून उठून पाटी-पिशवी उचलू लागतात, ते त्यांना कमरेतल्या कळेपेक्षा जास्त लागतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मग एकाएकी उठले आणि काही न बोलता टपरीकडे चालू लागले. बालाजीनं टाळ्या सुरू केल्या. मला मात्र टाळ्या ऐकू येत नव्हत्या, मी रडत होते.

पुढे मला कळंबच्याच दवाखान्यात काम मिळालं. बाजारच्या दिवशी मामांच्या घरी चक्कर व्हायची. लोक पाऊसपाणी विचारतात तसं आम्ही एकमेकांना आकडे विचारायचो. "तुझं किती?" "पाव. तुमचं?" "दीड." मामी कपाळाला हात लावायच्या. म्हणायच्या, "दुखण्याचा बी मोंढा भरीवला ह्या दोघांनी." मामांचे अवगुणही सांगायला हवेत. चहात साखर जास्त पडली की दिवसभर तोंड फुगवून बसत. आणि मॅडमनी एकदा दुसऱ्या एका आजोबांना खुर्चीवर बसवलं, तेव्हा "त्याचं दुखणं नवं हाय, त्याला काय ठावं" म्हणून दोन गुरुवार आलेच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मामांनी अंथरूण धरलं. मी गेले तेव्हा त्यांना कूस बदलायलाही दोघं लागत होती. मी आकडा विचारला. म्हणाले, "आता मोजत न्हाय. आख्खी गाडीच उलटलीया." आणि हसले. थोड्या वेळानं विचारलं, "खुर्चीवर कोण बसतंय?"

"कुणी नाही, मामा. रिकामीच आहे."

"बसवा कुणीतरी. पर दुखण्याचं सोंग करणारा नको." त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली. मी हात ओढणीखाली घेतला. आमच्या घरी तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मामा म्हणाले, "तुझं पोतं हाय. कवा दाखवायचं, कुणाला दाखवायचं, तुझं तू बघ. मी सांगणार न्हाय."

दोन आठवड्यांनी ते गेले. मोंढ्यातले हमाल काम थांबवून आले होते, आणि आम्ही शिकलेले बाराच्या बारा जण आलो होतो. खांदा द्यायला बालाजी पुढे झाला. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं बघितली, पण याच्याएवढा मोठा मास्तर मला भेटला नाही. हे मी त्या दिवशी मामींना सांगितलं, आणि आज इथे लिहून ठेवते.

या वर्षी नवी तुकडी आली आणि मॅडमनी गुरुवारचा तास मला घ्यायला सांगितला. स्थळं बघणं अजून चालूच होतं, तरी त्या सकाळी मी आईला म्हणाले, "आज मी वर्गात सांगणार आहे." आईनं बाटली भरली. नेहमीसारखं झाकण सैल करायला हात गेला, तो तसाच थांबला. मग तिनं झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "सांग," एवढंच म्हणाली. वर्गात जाण्याआधी मॅडमनाही मी फॉर्मवरच्या त्या रकान्याचं खरंखोटं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "खुर्ची पुढे ओढू का?"

मी मामांच्या खुर्चीवर बसले. समोर लोहाऱ्याकडची एक मुलगी बसली, वही मांडीवर घेऊन, पहिल्या दिवशी आम्ही बसायचो तशीच. "ताई, कसं आहे?" तिनं विचारलं. मी थांबले, डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चाचपली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज पाऊण पोतं." ती मुलगी गडबडली, तिचे डोळे भरले. "होईल बरं, ताई. तुम्ही काळजी करू नका."

"उतरीव," मी म्हणाले. "परत लाव."

पोतं कसं लावतात ते मी त्यांना सांगितलं, मामांनी सांगितलं होतं तसं. मुलीनं वही मिटून खाली ठेवली. बराच वेळ ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, कुठं टोचतंय?"

मी तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर खुर्चीवरून उठले आणि कुणाशी काही न बोलता चहाच्या टपरीकडे चालू लागले.