देवीच्या दिव्याची वायर

फौजेत मी सतरा वर्षं गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि काल्हेरला गोडाऊनांच्या रांगेत एक गाळा घेतला. गिऱ्हाईक बहुतेक हौशी. कोणी बाजारातून हॉर्न आणून लावतो, कोणी टेप, कोणी निळे दिवे. मग गाडी सुरू होईनाशी झाली की बॅटरीच्या नावाने खडे फोडतात. मी तेही ऐकून घेतो.

एका सोमवारी सकाळी दहाला कामतघरचा महेश भोईर जीप घेऊन आला. त्याचा थोरला भाऊ दिलीप, लान्स नायक, आमच्या युनिटमध्ये ड्रायव्हर होता. ड्युटीवर असताना ट्रकला आग लागून तो वारला. दर वर्षी त्याच्या तिथीला मी त्यांच्या घरी जेवायला जायचो.

"दादा, तीन दिवस उभी ठेवली का स्टार्टच होत न्हाय. उद्या आयेला वज्रेश्वरीला न्यायचीय."

चावी बंद केली. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून मध्ये मीटर लावला. सगळं बंद असताना काटा हलायला नको, तो हलला, म्हणजे कुठेतरी करंट खाल्ला जात होता. एकेक फ्यूज काढत गेलो. काटा खाली येईना. म्हणजे कुठली तरी वायर फ्यूज टाळून थेट बॅटरीवरून घेतली होती.

डॅशबोर्डवर देवी होती, शेजारी दिलीपचा फोटो, दोघांपुढे छोटा लाल बल्ब.

"याला बटन कुठाय?"

"ठेवलंच न्हाय. देवापुढचा दिवा इझायला नको. आयेची शिस्त हाय."

बॉनेट उघडलं. वायर पत्र्याच्या भोकातून आत गेली होती, भोकाला रबर नव्हतं. घासून घासून तांबं उघडं पडलं होतं. मी पाना खाली ठेवला.

अशी वायर मी आधी पाहिली होती. जम्मूकडची पोस्टिंग. पहाटे साडेपाच, कॉन्व्हॉय म्हणजे गाड्यांचा ताफा निघण्याआधीची तपासणी. दिलीपच्या केबिनमध्ये देवी, असाच बल्ब.

"भोईर, फ्यूज टाक याला."

"उस्ताद, परत आल्याव टाकतो. आता वायर सोडली तर दिवा इझल."

मी हसलो आणि इन्स्पेक्शन शीटवर सही केली. अजून अकरा गाड्या बघायच्या होत्या.

नऊ चाळीसला आम्ही घाटात होतो. मी शेवटच्या गाडीत, वायरलेसवरचं बोलणं ऐकत होतो.

"टायगर फोर, तुम्हारी गाडी से धुआँ. रुको. ओव्हर."

"टायगर फोर, रॉजर."

आवाज दिलीपचा होता. त्यानंतर तो ऐकू आला नाही. चौकशीत मी सांगितलं, वायरिंगमधला दोष, कारण माहीत नाही.

"दादा, काय झालं?" महेश विचारत होता.

मी सांगितलं. वेळेसकट, सहीसकट. चौकशीत काय बोललो तेही.

"म्हंजे फ्यूज असता तर?"

"दिवा विझला असता. फक्त दिवा."

तो फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दर साल येता. आयेच्या हातचं जेवता."

"हो."

"कापा ती वायर."

कापली. नवी टाकली, भोकाला रबर, बॅटरीजवळ फ्यूज, डॅशबोर्डखाली बटण. बटण बंद ठेवून मीटर पुन्हा लावला. काटा शून्यावर. महेशने स्वतः बटण दाबून दिवा एकदा लावून, बंद करून पाहिला. चावी घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता घरी येऊ नका."

मी जात नाही. तिथीच्या दिवशी गाळा उघडतो, नेहमीसारखं काम करतो. लाज वाटते, पण तीही आता सवयीची झाली आहे.

लान्स नायक दिलीप भोईर, वय सत्तावीस. पायाशी आग असताना त्याने ट्रक डोंगराच्या बाजूला घेतला, मागच्या दोन जवानांना ओरडून उतरवलं, कॉन्व्हॉयला रस्ता मोकळा ठेवला. डिझेलने पेट घेतला तेव्हा आत तो एकटाच होता. त्या सकाळी त्याने आपलं काम पूर्ण केलं. मी माझं केलं नव्हतं.